सात तास झाकलेला भात

साहेब, कुंताबाईवर खोटा आळ घालून तुम्ही तिला कामावरून काढलं. लेकरं तिच्या हातामुळे ओकली नाहीत, माझ्यामुळे ओकली. आणि मला उठवलं तुम्ही.

मी एक जुना बीजाणू आहे, मित्रांनो. वाईट दिवस आले की जिवाणू स्वतःभोवती टणक कवच बांधतो, तो मी. पूर्वेकडच्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाणी आटलं, खायला काही उरलं नाही, तेव्हा मी असा आवळून बसलो. ना भूक, ना श्वास. पण मेलेलाही नाही. किती वर्षं, कोण मोजणार? मग तांदळाबरोबर पोत्यात भरला गेलो आणि सेलूकडच्या एका शाळेत आलो.

तिथे कुंताबाई पोरांचं जेवण रांधायची. तांदूळ तीनदा धुवायची, तरी मी दाण्याला चिकटलेलाच. उकळत्या पाण्यातही मी मरत नाही. पण भात उतरला की ती लगेच गरम गरम वाढून मोकळी व्हायची. आम्हाला जागं व्हायला सवडच नसायची.

मार्चमध्ये नव्या स्वयंपाकखोलीचं उद्घाटन ठरलं. शिक्षण खात्याचे साहेब, म्हणजे तुम्हीच, साडेनऊला येणार, म्हणून तिनं आठलाच भात उतरवून झाकला. अकरा वाजले, साहेब नाहीत.

“सर, वाढू द्या लेकरायले,” ती मुख्याध्यापक रूपरावांना म्हणाली.

“पहिलं ताट साहेब वाढतीन, बाई. तसा फोन आला.”

“मंग परातीत पसरवू द्या. झाकलेला भात बिघडते.”

“थंडा भात ठेवता काय साहेबासमोर? झाकलेलाच राहू द्या.”

“साहेब जेवाले येऊन राह्यले का फोटू काढाले? फोटूत वाफ दिसत नाई, सर.”

रूपराव हसले नाहीत. त्यांनी स्वतःच भाताच्या गंजावर, त्या मोठ्या पातेल्यावर, झाकण घट्ट दाबून वर ओलं पोतं टाकलं.

उकळीनं माझी झोप आधीच चाळवली होती. आता कोमट ऊब, ओल आणि चारही बाजूंनी अन्न. पाणी आत शिरलं, कवच फुटलं. मला उठायचं नव्हतं, पण मला विचारतं कोण? एकाचे दोन, दोनाचे चार झालो. आमच्या अंगातलं विष भातात उतरत गेलं. तीनला गाड्या आल्या. भात पुन्हा तापवला. ते विष तापवून जात नाही.

पहिलं ताट चौथीतल्या काजलला मिळालं. फोटो निघाला. तासाभरात ती ओकू लागली, मग अख्खा वर्ग. सलाईन लागल्या. चौथ्या दिवशी पोरं घरी आली, पण भात दिसला की काजल अजून हात मागे घेते.

चौकशीच्या कागदावर एकच ओळ आहे: स्वयंपाकिणीची अस्वच्छता. कुंताबाई आता जेवणाच्या सुट्टीत कुंपणाबाहेर येऊन उभी राहते. पोरं तिच्याकडे बघत नाहीत. मी गंजाच्या काठाखालच्या फटीत पुन्हा कवच ओढून बसलो आहे. मला सगळं ऐकू येतं.

मित्रांनो, भात गरम असतानाच खा. उरला तर पसरून थंड करा. कोणी मोठा येणार म्हणून झाकून ठेवू नका.

आणि साहेब, भात उतरला कितीला आणि वाढला कितीला, हे कागदावर का नाही? साडेनऊ ते तीन तुम्ही कुठे होता? उत्तर द्या. कुंताबाईच्या समोर उभं राहून द्या.