पेशंटचा चेहरा दिसलाच पाहिजे

वर्गात मुलींची संख्या विषम झाली ती रीना निघून गेल्यामुळे, आणि त्याचा भुर्दंड पडला सलोमीला. दोघी झारखंडातल्या, सिमडेग्याकडच्या एकाच गावच्या. केरळात नर्सिंग शिकायला एकाच गाडीने आल्या होत्या. रीनाला इथला जाडा भात घशाखाली उतरेना, मल्याळम कानात शिरेना, आणि पहिली सुट्टी लागली तशी ती घरी गेली ती गेलीच. तेव्हापासून सलोमीशी खडिया या घरच्या बोलीत बोलणारं कुणी उरलं नाही. रविवारी चर्चमध्ये सगळ्या गुडघे टेकत तेव्हा तीही टेकायची, पण कुठली प्रार्थना चालू आहे हे शेजारणीच्या ओठांवरून ओळखावं लागे. देवाला सगळ्या भाषा येतात म्हणतात. त्या दिवसांत सलोमीला त्याची फारशी खात्री वाटत नव्हती.

जॉली मॅडमची शिकवण्याची तऱ्हा निराळी. बाकीच्या शिक्षिका मोबाइल दिसला की जप्त करत, या म्हणत, "हाताला चिकटलाच आहे, तर कामाला तरी लावा." शिकवलेलं प्रत्येक काम मुलींनी हॉस्टेलवर एकमेकींवर करून बघायचं, मोबाइल उभा करून त्याचं एका दमात चित्रण करायचं आणि रविवारी पाचच्या आत वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं. मग सगळ्यांनी सगळ्यांच्या चुका काढायच्या. चुका काढण्यात या मुली इतक्या तरबेज झाल्या होत्या की सासवांनी शिकवणी लावावी. मॅडमचा एक नियम मात्र पक्का होता: पेशंटचा चेहरा दिसलाच पाहिजे. "डोकं धुवा नाहीतर पाय चोळा, लक्ष तोंडाकडे ठेवा. दुखलं तर ते आधी तोंडावर दिसतं."

या खेपेचं काम होतं अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं डोकं पडल्यापडल्या धुण्याचं. ज्यांचा व्हिडिओ येईल त्या सोमवारपासून बसने मोठ्या इस्पितळात जाणार, वॉर्डात, जिवंत पेशंटांजवळ. ज्यांचा येणार नाही त्या पुढच्या तुकडीबरोबर, ओणम झाल्यावर. घर सोडलं ते सलोमीने याचसाठी. शिवाय या मुली आपल्याशी बोलत नसल्या तरी आपल्याभोवती होत्या. आता त्यांच्याही मागे तिला पडायचं नव्हतं.

मुलींनी जोड्या जमवल्या. हिने तिचं धुतलं, तिने हिचं. सलोमी खोलीतल्या आन्सीकडे गेली.

"माझं दोनदा धुऊन झालंय गं," आन्सी केस पुसत म्हणाली. "पहिल्यांदा शायनीचा फोनच पडला बादलीत. आता तिसऱ्यांदा धुतलं तर उद्या मीच भरती होईन वॉर्डात. जिजीला विचार."

जिजीने मेरीला विचारायला सांगितलं, आणि मेरी झोपली होती. निदान डोळे तरी मिटून पडली होती.

रविवारी दुपारी मुली कप्पाचा उकडलेला कंद आणि बीफवर ताव मारून बाहेर गेल्या. सलोमीने उशी कडेला ठेवली, खाली रबरी कापडाची पन्हळ केली, बादली लावली, खिडकीत स्टीलच्या डब्याला मोबाइल टेकवला आणि उशीशी बोलायला लागली. "मी तुमची नर्स. आता मी तुमचे केस धुणार आहे. पाणी गरम लागलं तर सांगा."

"दार लावून कुणाशी बोलणं चाललंय?"

वॉर्डन एलियम्मा दारात उभी होती. मुली तिला मागून सायरन म्हणत. कुवेतमध्ये जन्मभर नर्सचं काम केल्यामुळे सगळ्या खोल्या म्हणजे वॉर्ड आणि सगळ्या मुली म्हणजे झोपाळू रात्रपाळी, असा तिचा समज होता. तिथेच तिने हिंदी उचलली होती. हॉस्टेलात सलोमीशी नीट बोलणारी ती एकटीच, आणि तेही बहुतेक ओरडण्यापुरतं.

"पोरगा आहे ना फोनवर?"

"नाही आंटी. पेशंट आहे."

एलियम्माने उशी बघितली, बादली बघितली. "हा तर गेलेला आहे गं. याचं डोकं धुऊन काय करतेस? पाद्र्याला बोलाव." मग तिने उरलेली रिकामी खोली बघितली, आणि तिला समजायचं ते समजलं. "सरक. मी झोपते."

पहिला प्रयत्न वाया गेला, कारण पेशंटच शिकवायला लागला. "कोपर घाल पाण्यात, कोपर! बोटांनी काय कळतंय?" दुसऱ्यांदा तिने वचन दिलं की तोंड उघडणार नाही, आणि पन्हळ वाकडी आहे म्हणून लगेच उघडलं. सलोमीला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

तिसऱ्या वेळी एलियम्मा उठून बसली. "थांब, अंबाडा भिजून जड झालाय," असं म्हणत तिने आकडे काढले. तो भरगच्च काळा अंबाडा, ज्यावर ती रोज मोगरा माळायची, सगळाच्या सगळा हातात आला. गंगावन होतं ते. खाली कानांमागे पांढऱ्या केसांच्या चार बटा, आणि मध्ये उघडी टाळू.

"कुवेतच्या पाण्याने गेले," ती म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. पण नर्सपुढे आणि पाद्र्यापुढे काय झाकायचं? आणि जॉलीला माहीत आहे, तिकडे माझ्याच हाताखाली तयार झालीय ती. तिलाच जाणार ना हे?"

सलोमीने मान डोलावली. धडधडीत खोटं होतं ते, आणि तिला ते कळत होतं. पण पाच वाजायला आले होते.

मोबाइल सुरू झाला. कानांत कापसाचे बोळे, डोळ्यांवर ओल्या फडक्याची घडी. सलोमीने हलक्या हाताने पाणी ओतलं, फेस केला, ती टाळू आणि त्या बटा बोटांच्या टोकांनी चोळल्या. पुस्तकात लिहिलं तसं विचारलं, "पाणी ठीक आहे?" पेशंटने या वेळी काही शिकवलं नाही. घडीच्या खालून पाणी आलं आणि कानशिलावरून ओघळत गेलं. सलोमी घाबरली. "साबण गेला का डोळ्यांत?"

"नाही." फेस गेला, डोकं स्वच्छ झालं, काम संपलं. सलोमी टॉवेल उचलायला वळली तर एलियम्मा एकदम बारीक आवाजात म्हणाली, "मोळे, पोरी, अजून एक मग ओत ना. मला कुणी असं हात लावलेला नाही गं. किती वर्षं झाली, आठवतही नाही."

सलोमीने अजून एक मग ओतला. मग अजून एक.

व्हिडिओ उत्तम झाला होता. चेहरा स्वच्छ दिसत होता. एलियम्मा अंबाडा बांधून, मोगरा माळून खाली ओरडायला गेली, आणि सलोमी बोट उचलून मोबाइलपुढे बसली. एक दाबलं की सोमवारची बस. पण ग्रुपवर आन्सी होती, जिजी होती, सायरन हे नाव ठेवणारी शायनी होती. तिने मॅडमना एकटीला लिहिलं, 'तुम्हालाच पाठवू का?' उत्तर आलं, 'ग्रुपवर. सगळ्यांनी टाकलं, तुलाच लाजायला काय झालं?'

पाच वाजून गेले. सलोमी उशीत तोंड खुपसून पोटभर रडली. कुणी विचारलं नाही, कारण कुणी नव्हतंच.

सोमवारी पांढऱ्या गणवेशातल्या मुली घेऊन बस गेली. दुपारी जेवणघरातल्या लांबलचक टेबलाशी सलोमी एकटी भाताची कांजी पुढ्यात घेऊन बसली होती. एलियम्मा आली आणि जागच्या जागी थबकली.

"तू इथे काय करतेस? बस चुकली?"

"नापास झाले आंटी. माझा हात नीट नव्हता."

"कुणाचा हात?" सायरन सुरू झाला. "डोकं माझं होतं! मला सांगतेस हात नीट नव्हता? त्या जॉलीला मी सुई धरायला शिकवली, आणि ती..." तिने तिथल्या तिथे फोन लावला, तोही मोठ्या आवाजावर ठेवून. आताशा एवढं मल्याळम सलोमीला कळत होतं.

"चेची, नापास कशाने करू?" थोरल्या ताईशी बोलावं तशा जॉली मॅडम म्हणाल्या. "तिने काही टाकलंच नाही ग्रुपवर."

"कसला ग्रुप?"

"वर्गाचा. सगळ्या मुली बघतात ना एकमेकींचं."

एलियम्माचा हात अंबाड्याकडे गेला. फोन तिने बंद केला. सलोमी कांजीत बघत राहिली. आता ही खोटं बोलल्याबद्दल फाडून खाणार, आणि बोलणारं एक माणूस होतं तेही जाणार, असं तिला वाटलं.

"दाखव."

सलोमीने व्हिडिओ लावला. एलियम्माने तो शेवटपर्यंत बघितला, स्वतःचा आवाज ऐकला, आणि चष्मा पदराने पुसला.

"छान धुतलंयस," ती म्हणाली. "आता टाक."

"नको आंटी. त्या हसतील."

"हसू देत. माझ्या डोक्यापायी तू मागे राहायचं? दे इकडे." आणि कुठे दाबायचं ते विचारून तिने स्वतःच्या अंगठ्याने दाबलं.

मॅडमचं उत्तर लगेच आलं. 'काम चांगलं आहे. पण मुदत संपली. पुढच्या तुकडीबरोबर.'

एलियम्माने कुवेतमध्ये शिकलेली एक हिंदी शिवी दिली. दोघी शेजारी शेजारी बसून पडद्याकडे बघत राहिल्या. कुणी कुणी बघितलं त्यांची नावं एकेक करून उमटत होती: जिजी, मेरी, आन्सी, शायनी. तिकडे मुली हसत होत्या की गप्प होत्या, इथे काहीच ऐकू येत नव्हतं.

"काय म्हणतात?" एलियम्माने विचारलं.

"अजून काही नाही."

"मग जेव," ती म्हणाली, आणि आपलीही थाळी घेऊन आली.