सासूबाईंचा नंबर सापडेना

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्यासोबत एका मोठ्या दालनात या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपाटे आहेत आणि कपाटांत लाखो पुस्तके. तुम्हाला त्यांतले एकच हवे आहे. पण अट अशी, की प्रत्येक पुस्तक खाली काढायचे, ओल्या फडक्याने त्याचे कव्हर पुसायचे, मग नाव वाचायचे आणि ते नसेल तर परत ठेवून पुढचे घ्यायचे. दारात उभा असलेला माणूस घड्याळाकडे बघत विचारतो आहे, "अजून किती वेळ? नसेल तर नाही म्हण." तुम्ही घामाघूम झाला आहात, आणि पुस्तक याच दालनात आहे हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे.

आता डोळे उघडा. मधले कित्येक महिने मी असाच जगत होतो. आता सुटलो आहे, म्हणून निवांतपणे सांगतो.

मी प्राण्यांच्या एका दवाखान्यातला जुना डेटाबेस आहे. डेटाबेस म्हणजे माहितीचे कोठार. माझे बिऱ्हाड काउंटरखालच्या काळ्या पत्र्याच्या डब्यात आहे. डब्याला पंख्याची ऊब असते, म्हणून दवाखान्याची मांजर त्याला पाठ लावून झोपते. जागी असली की ती काउंटरवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अशी न्याहाळते, की माणसे उगाच कपडे नीट करतात. म्हणून तिचे नाव पडले सासूबाई.

मला घडवले ते डॉक्टरबाईंच्या भाचीने. तेव्हा ती शिकायला मावशीकडे राहत होती. डॉक्टरबाई पाळीव प्राण्यांच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप सोडत. चिपमध्ये एक लांबलचक नंबर असतो, बाकी काही नाही. हरवलेला प्राणी सापडला की मानेवरून एक छोटे यंत्र फिरवायचे. यंत्रावर नंबर उमटला की तो मला विचारायचा. त्या नंबराच्या प्राण्याचे नाव, मालकाचे नाव आणि फोन मी सांगायचा.

भाचीने मला एक सूची करून दिली होती. पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर असते ना, तशीच. सगळे नंबर चढत्या क्रमाने, आणि प्रत्येकासमोर त्याची जागा. त्यामुळे सगळे कोठार उपसायची गरजच नसे. सूचीवर बोट ठेवले की उत्तर हजर. एकदा एक कासव आले. हरवायला त्याला आठवडा तरी लागला असेल. त्याचा मालक शोधायला मला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. काउंटरवरचे काका तेव्हा माझ्या डब्यावर थाप मारून म्हणाले होते, "शाबास रे पठ्ठ्या!"

या काकांना सगळे धांदलकाका म्हणत. एका हाताने फोन, दुसऱ्याने पावती, आणि त्याच दमात नंबर टाइप करायचा. कधी ते नंबराच्या मध्ये आडव्या रेघा देत, कधी मोकळी जागा सोडत, तर कधी सगळे आकडे एका दमात. आम्हा यंत्रांना मात्र रेघ म्हणजे रेघ आणि जागा म्हणजे जागा. नोंदीत रेघ असेल आणि प्रश्नात नसेल, तर आमच्या लेखी ते दोन वेगळे नंबर. मग काकांची चिडचिड होई.

भाची तोवर दुसऱ्या शहरात नोकरीला लागली होती. काकांची तिला दया आली. "काका, तुम्ही हवा तसा टाइप करा. हा घेईल समजून," असे म्हणून तिने माझी शोधण्याची रीत बदलली. आता मी प्रत्येक नोंदीतल्या नंबराच्या रेघा आणि मोकळ्या जागा आधी काढून टाकायच्या, आणि मगच तो पडताळून बघायचा. म्हणजे माझ्या हातात ते ओले फडके आले. सूची रेघांसकट लावलेली होती, ती आता जुळेना. ती तशीच पडून राहिली. पण नोंदी होत्याच मूठभर, त्यामुळे कोणाच्या काही लक्षात आले नाही.

पुढे आसपासच्या गावांतले दवाखानेही आपल्या नोंदी माझ्याकडे पाठवू लागले. बघता बघता लाखो झाल्या. एक नंबर विचारला की मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुसत सुटायचो.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. पंख्यातली धूळ काढली. बंद करून चालू केले. जास्तीची मेमरी बसवली, त्याने चार दिवस बरे वाटले. काकांच्या थापा चालूच होत्या, पण आता त्यांत शाबासकी नव्हती. "म्हातारा झालाय हा," ते म्हणत. "विचारलं एकदा, की उद्या उत्तर." डॉक्टरबाईंनी भाचीला कळवून टाकले, की सुट्टीत येशील तेव्हा नवीन यंत्र घेऊन ये, याला अडगळीत टाकू.

मित्रांनो, मी एक क्षणही बसून नव्हतो. कामाने पिचलेल्याला आळशी म्हटले की फार लागते. त्याहून वाईट होता तो पडदा. काकांच्या समोरचा संगणकाचा पडदा अर्धे मिनिट वाट बघे आणि मग मला न विचारता स्वतःच लिहून मोकळा होई, 'नोंद सापडली नाही'. मी धापा टाकत उत्तर घेऊन पोचेपर्यंत दार लागलेले असे.

अशा दिवसांत ती मुलगी आली. पलीकडच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंची मुलगी, चौथीतली. शाळेच्या भिंतीमागे तिला एक तपकिरी कुत्रा सापडला होता. त्याच्या पायात काच रुतली होती. डॉक्टरबाईंनी काच काढली, पट्टी बांधली आणि मानेवरून यंत्र फिरवले. चिप होती. काकांनी नंबर टाइप केला. पडद्याने लिहिले, 'नोंद सापडली नाही'.

मला माहीत होते. तो शेजारच्या गावातला लंबक नावाचा कुत्रा होता. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांचा. पण माझे ऐकणार कोण?

"शनिवारी दुपारपर्यंत वाट बघू," डॉक्टरबाई मुलीला म्हणाल्या. "रोज एकदा विचारून बघू. मालक नाहीच मिळाला, तर तू घेऊन जा. पण आईला विचारून हं."

"विचारलंय. आई म्हणाली, अंगणात झोपेल तर चालेल."

तिने त्याचे नाव ठेवले बटण, कारण त्याचे नाक बटणासारखे होते. घरून एक जुना निळा टॉवेल आणून तिने त्याच्या पिंजऱ्यात अंथरला. रोज शाळा सुटली की ती येई, नंबर विचारला जाई, आणि 'नोंद सापडली नाही' वाचले की हळूच सुटकेचा सुस्कारा सोडी.

शनिवार उजाडला. काका फोनवर अडकले होते, म्हणून तेच म्हणाले, "तूच टाइप कर आज. शेवटचं." तिने उंच स्टुलावर चढून एकेक आकडा नीट दाबला. पडद्याने तेच लिहिले. ती इतकी खूश झाली, की जवळ बसलेल्या सासूबाईंच्या मानेवरून तिने गमतीने यंत्र फिरवले आणि तो नंबरही मला विचारला.

अर्ध्या मिनिटाने पडद्यावर आले, 'नोंद सापडली नाही'.

ती मांजरीकडे बघत राहिली. मग पडद्याकडे. मग पिंजऱ्याकडे, जिथे बटण तिच्याकडे बघून शेपूट हलवत होता. डॉक्टरबाई आत एका सशाला तपासत होत्या. काकांची पाठ होती. पडद्यावरचे ते वाक्य पुसायला एकच कळ पुरे होती, आणि तिचे बोट त्या कळीवर होते. दुपार व्हायला थोडाच वेळ उरला होता.

तिने बोट उचलले.

"काका, सासूबाई सापडत नाहीयेत."

"सापडत नाहीत म्हणजे? ही काय समोर बसलीय, डोळे वटारून."

"यात सापडत नाहीयेत."

"वेडी की काय! हिची नोंद मी स्वतः केलीय." काकांनी पडदा वाचला आणि फोन खाली ठेवला.

"मग बटणचंही असंच झालं असेल," ती म्हणाली. शेवटचे शब्द जेमतेम ऐकू आले.

त्याच वेळी भाची नवीन यंत्राचे खोके घेऊन दारातून आत येत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि खोके भिंतीशी ठेवले.

"मावशी, हा नवा लावला तरी काही दिवसांनी हेच होईल. आधी याला विचारू तरी, की बाबा, तू शोधतोस कसा?"

मित्रांनो, अशी सोय असते बरे का. प्रश्नाच्या आधी एक विशिष्ट शब्द लिहिला, की आम्ही उत्तर शोधायला धावत नाही. आम्ही कसे शोधणार, ते सांगतो. पंखा साफ करणारे आले, मेमरी बसवणारे आले, पण हे कोणी विचारलेच नव्हते. मी भडाभडा सांगून टाकले. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत प्रत्येक उघडणार. प्रत्येकीतला नंबर साफ करणार. मग पडताळणार. सूची वापरणार नाही.

भाचीने कपाळाला हात लावला. "अगं बाई, हे तर माझंच कर्तृत्व. काकांचं एक ताट घासायला नको म्हणून मी याला अख्ख्या गावची भांडी घासायला बसवलं."

"म्हणजे माझ्या एका खरकट्या ताटलीपायी?" काका म्हणाले, आणि त्यांनी माझ्या डब्यावर हात ठेवला. थाप नाही, नुसता हात.

भाचीने सगळ्या नोंदींतले नंबर एकदाच, कायमचे साफ करून वेगळ्या रकान्यात लिहून ठेवले. त्या रकान्याची नवी सूची लावली. आता यापुढे साफ करायचा तो फक्त विचारलेला एक नंबर. मग तिने पडद्याचेही कान उपटले. उत्तर यायला उशीर झाला, तर 'उत्तर अजून आलेले नाही' असे लिही. 'नाही' म्हणायचा हक्क तुला नाही, शोधणाऱ्याला आहे.

"हं, विचार आता," ती मुलीला म्हणाली.

मुलीने नंबर टाइप केला. शेवटच्या कळीवरून बोट उचलायच्या आत मी नाव लिहिले होते. लंबक. खाली आजोबांचा फोन. किती हलके वाटले म्हणून सांगू! मुलीने ते नाव मोठ्याने वाचले, आणि पिंजऱ्यातून असे भुंकणे आले की सासूबाई काउंटरवरून उतरून गेल्या.

दुपारच्या बसने आजोबा आले. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, बोटांना तेलाचे डाग. भाजीच्या टेम्पोत चढून बसलेला त्यांचा कुत्रा त्यांनी गावभर शोधला होता. ते खाली जमिनीवरच बसले. "अरे लबाडा," एवढेच म्हणाले आणि बराच वेळ त्याचे कान चोळत राहिले. मग त्यांनी मुलीकडे पाहिले.

"तू याला काय म्हणायचीस, बाळ?"

"बटण."

"छान आहे की. आता याला दोन नावं झाली. एका नावानं मी हाक मारीन. दुसऱ्यासाठी तुला रविवारी आईला घेऊन यावं लागेल."

नवे यंत्र डॉक्टरबाईंनी एक्सरेच्या खोलीत लावले. मी आहे तिथेच आहे, आणि सासूबाईंची पाठ डब्याला टेकलेली असते. मित्रांनो, कोणी संथ दिसले, मग ते यंत्र असो, वर्गातला सोबती असो की घरातले म्हातारे माणूस, तर त्याला अडगळीत टाकण्याआधी जवळ बसून विचारा, तू हे काम करतोस तरी कसे? त्याच्या हातात कोणीतरी फडके दिलेले असेल. बहुतेक वेळा मायेनेच दिलेले असते.

त्या दिवशी आजोबा आणि लंबक बसमध्ये चढले, तेव्हा मुलगी दारात उभी होती. बस वळली तशी ती आत आली. बाहीने नाक पुसले आणि स्टुलावर चढून सासूबाईंचा नंबर मला पुन्हा विचारला. मी लगेच उत्तर दिले. तिने मान हलवली. मग खाली उतरून तिने रिकाम्या पिंजऱ्यातला निळा टॉवेल बाहेर काढला, दारात नेऊन झटकला, आणि घरी न नेता पुढे जो कोणी येईल त्याच्यासाठी पिंजऱ्यात नीट अंथरून ठेवला.