अकरा गैरहजर

“सरासरी काढा आणि मोकळ्या व्हा, बाई,” रांगेलोव साहेब म्हणाले. “नव्या पद्धतीचे चार वर्ग एकाहत्तर, जुन्या पद्धतीचे चार बासष्ट. शेंबडं पोरसुद्धा सांगेल कोण पुढे.”

झिवका तोमोवा समोरचा तक्ता पुन्हा वाचू लागली. जिल्हा शिक्षण कचेरीत एकतीस वर्षं तिने गुणांचे तक्ते केले होते. अपूर्णांक शिकवण्याची ही नवी पद्धत रादोस्वेता नावाच्या शिक्षिकेची. अहवाल चांगला गेला, तर ती जिल्हाभर लागू होणार होती.

झिवकाला खटकली ती यादी. नव्या वर्गांतली अकरा मुलं शेवटच्या परीक्षेला गैरहजर होती, जुन्या वर्गांतलं एकही नाही. आणि सुरुवातीच्या चाचणीत सर्वांत कमी गुण नेमके या अकरांचेच. गैरहजेरीला एवढी अक्कल कुठून आली?

पेपर रादोस्वेताच्या हातून आले होते. म्हणजे हिचंच काम. दुसऱ्या दिवशी झिवका बसने रादोस्वेताच्या डोंगरातल्या गावी गेली. अंगणाअंगणात तंबाखूची पानं ओवून टांगलेली होती.

“माझ्यावर चोरीचा आळ घ्यायला आलात?” रादोस्वेताने दारातच विचारलं.

“पोरं कुठे होती तेवढं सांग.”

रादोस्वेताने कपाटातून पेपर काढून टेबलावर आपटले. “इथेच होती. सगळ्यांनी पेपर लिहिले. मी पाठवलेही होते. साहेबांनी परत धाडले. म्हणाले, तंबाखूच्या दिवसांत दांड्या मारणारी पोरं, त्यांना कशाला धरता?”

“आणि तू गप्प बसलीस?”

तिने पेपरांचा गठ्ठा नीट केला. “मलाही वाटलं, जिंकावी एकदाची पद्धत.”

झिवकाने पेपर उघडलेच नाहीत. आधी कोरा कागद मागितला आणि लिहिलं : सगळी मुलं धरायची. सुरुवातीचे गुण लक्षात घेऊनच फरक बघायचा. मुलं एकत्र शिकतात, म्हणून हिशेब वर्गागणिक करायचा.

“सही कर. आकडे बघून रीत ठरवली की हवी तीच रीत सापडते.”

रादोस्वेताने सही केली.

अकरा पेपर धरून हिशेब केल्यावर संध्याकाळपर्यंत नऊ गुणांचा फरक दोनावर आला. आणि अवघ्या आठ वर्गांत दोन गुण म्हणजे नुसता योगायोगही असू शकतो.

“म्हणजे पद्धत फुकट?”

“तसं नाही. अजून कळत नाही, एवढंच.”

“चार वर्षं घातली हो मी यात,” रादोस्वेता म्हणाली आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिली.

कचेरीत रांगेलोव साहेबांनी तो कागद वाचून बाजूला सारला. “‘कळत नाही’ हे वर पाठवू? लोक हसतील.”

“मग माझी सही मिळणार नाही, साहेब.”

अहवाल दुसऱ्याच कुणाच्या सहीने गेला : एकाहत्तर आणि बासष्ट. झिवकाची बदली तळघरातल्या जुन्या दप्तरांत झाली. वर कुणी तिचं नाव काढेना.

जूनमध्ये रादोस्वेता तिला शोधत जिना उतरून आली. पद्धत लागू झाली होती, जागोजागी तिचे सत्कार चालले होते. तिचा चेहरा मात्र आजाऱ्यासारखा ओढलेला होता.

“नक्की कळायला किती वर्ग लागतील, मावशी?”

“निदान चाळीस. अर्धे जुन्याच पद्धतीचे ठेवावे लागतील. आणि कोणते कुठे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.”

“आणि पद्धत हरली तर?”

“तर हरली.”

रादोस्वेता गेली नाही. झिवकाने दुसऱ्या खुर्चीवरचे गठ्ठे उचलून जमिनीवर ठेवले आणि कोटाच्या बाहीने खुर्चीची धूळ पुसली.