जिन्यावरून पडलेले एकेचाळीस जण

मित्रांनो, दवाखान्याच्या मागच्या खोलीत, मोडक्या खाटा आणि तीन पायांची स्टुले यांच्या पलीकडे जे लोखंडी धूड धूळ खात उभे आहे, ते म्हणजे मी. मी एक जुने एक्स-रे मशीन आहे. माणसे माझ्याकडे पाहतात तेव्हा त्यांना गंज दिसतो. मी माणसांकडे पाहिले तेव्हा मला आतली हाडे दिसली, आणि त्या नवलातून मी अजून बाहेर आलेले नाही.

एका दूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. भुशाने भरलेल्या पेटाऱ्यातून मी या गावात आले. मला उतरवताना चार हमालांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पहिल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी चाचणी म्हणून स्वतःचाच पंजा माझ्याखाली ठेवला. फिल्म धुऊन उजेडावर धरली आणि ते हसून म्हणाले, "एवढा मोठा डॉक्टर, पण आत सगळा सांगाडाच की!" मी मात्र थक्क झाले होते. एका पंजात सत्तावीस हाडे, एकेक जागच्या जागी! एवढी बारीक कारागिरी अंगात घेऊन ही माणसे बसमधल्या जागेवरून भांडतात, याचे मला फार आश्चर्य वाटले.

माझ्यात एक खोट होती. फिल्म ज्या चपट्या डबीत ठेवतात, तिला कॅसेट म्हणतात. माझ्या मोठ्या कॅसेटच्या आतल्या पांढऱ्या थरावर कुणाच्या तरी हातून चिमटा पडला आणि ओरखडा उठला. तेव्हापासून त्या कॅसेटमधल्या प्रत्येक फोटोवर खाली एका कोपऱ्यात केसाएवढी तिरपी रेघ उमटू लागली. मोठे डॉक्टर वैतागत, "मांजराने ओरबाडल्यासारखं दिसतंय." नव्या कॅसेटसाठी अर्ज गेला, तो गेलाच. त्या रेघेची मला लाज वाटत असे.

एकदा झाडावरून पडलेला सहा वर्षांचा एक मुलगा आला. इतका किडकिडीत, की घरी त्याला 'काडी' म्हणत. त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले होते. पुढे ते जुळले, पण वाकडे जुळले. सोबत त्याची दहा वर्षांची बहीण होती. फिल्मकडे बघत तिने विचारले, "हे काडीच्या आतलं आहे?" मग ती घरी जायलाच तयार होईना. त्यांच्या आईने ती फिल्म मागून नेली आणि ट्रंकेत जपून ठेवली.

तीच बहीण मोठी होऊन माझी चालक झाली. गाव तिला 'फोटोवाली ताई' म्हणू लागले. छातीचा फोटो काढताना ती ठरलेले तीन शब्द म्हणे: "श्वास घ्या. रोखा. सोडा." तिच्या आवाजात असे काही होते, की खोकल्याने बेजार झालेला म्हातारासुद्धा शहाण्यासारखा गप्प उभा राही. काडी तोवर शाळेत मास्तर झाला होता.

मग निवडणूक आली. मतमोजणीच्या कामावर मास्तरांना बसवले, त्यात काडीही होता. शेवटी सही करायला कागद समोर आला तेव्हा तो म्हणाला, "मी मोजलेला आकडा हा नाही. मी सही करणार नाही." दुसऱ्या दिवशी त्याला घरातून उचलून नेले. जाब विचारायला माणसे मोजणीच्या इमारतीसमोर जमली आणि त्यांच्यावर पोलिसांचे दांडके चालले. तासाभरात माझ्या दारापासून फाटकापर्यंत रांग लागली.

मित्रांनो, त्या दिवसांत मी एकेचाळीस मोडलेले हात पाहिले. बहुतेक हात मनगट आणि कोपर यांच्या मधोमध मोडलेले होते, करंगळीच्या बाजूने. पडणारा माणूस हात जमिनीवर टेकतो आणि मग मनगट मोडते. इथे डोके वाचवायला हात वर धरला की दांडका जिथे बसतो, तिथेच हाड तुटलेले. माणूस घाबरून खोटे बोलू शकतो, हाडाला ते साधत नाही.

टोपीवाला एक साहेब आला. सगळ्यांच्या कागदावर 'जिन्यावरून पडला' असे लिहा, असा त्याचा हुकूम होता. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा पुसत विचारले, "साहेब, आपल्या गावात जिने आहेत तरी किती?"

"लागतील तेवढे," साहेब म्हणाला.

डॉक्टरांनी तसे लिहिले. त्यांच्या घरीही लेकीबाळी होत्या. पण साहेब फिल्म उचलून न्यायला लागल्यावर ताईने वेगळी वाट काढली. अंधाऱ्या खोलीत ती एकाच कॅसेटमध्ये दोन फिल्म भरू लागली. एक साहेबाची, एक आपली. तारखेचे शिशाचे आकडे ती नेहमीच कॅसेटवर चिकटवायची. ती तारीख फोटोतच उमटते, पेनने खोडता येत नाही. डॉक्टरांना हे सगळे ठाऊक होते. फिल्म दुप्पट का लागतात, असे त्यांनी एकदाही विचारले नाही.

काडीचा मात्र पत्ता नव्हता. ताई रोज ठाण्यावर जाई. रोज एकच उत्तर मिळे, "असा कुणी माणूस आमच्याकडे नाही."

दहाव्या दिवशी दुपारी दोन शिपायांनी एका माणसाला धरून आणले. त्याला श्वास घेता येत नव्हता. चेहरा इतका सुजला होता, की तो कुणाचाही असू शकला असता. कागदावर नाव नव्हते. ताईने त्याला माझ्यासमोर उभे केले, आणि तिचे हात क्षणभर थांबले. त्यानेही तिच्याकडे पाहिले. दोघांनीही ओळख दाखवली नाही. बहीण आहे हे शिपायांना कळले असते, तर फोटो निघालाच नसता.

"श्वास घ्या," ती म्हणाली. "रोखा."

मी माझे काम केले. मला तीन मोडलेल्या बरगड्या दिसल्या आणि गळ्याजवळ ते वाकडे जुळलेले जुने हाड दिसले. मी त्याला ओळखले. ताई पुढचा शब्द विसरली. काडी तसाच श्वास रोखून उभा राहिला, शेवटी शिपाईच ओरडला, "अहो बाई, मरेल तो!" मी कैक वर्षे माणसांच्या आत पाहत आले, पण एवढी हिंमत त्यांच्यात नेमकी कुठे असते, ते मला कधीच दिसले नाही.

त्या संध्याकाळी ताईने जगभरच्या मानवी हक्कांचे काम पाहणाऱ्या समितीला पत्र लिहिले. लिहून झाल्यावर मोठ्या डॉक्टरांना वाचून दाखवले, म्हणून मला ते पाठ आहे. "कोण जिंकलं, हे आम्ही तुम्हाला विचारत नाही. ही हाडं कशी मोडली, एवढं येऊन बघा. सोबत माझ्या भावाचे दोन फोटो आहेत, एक सहाव्या वर्षाचा आणि एक आजचा. गळ्याजवळचं हाड दोन्हींत बघा. सरकार म्हणतं तो त्यांच्याकडे नाही. तो जिवंत आहे तोवर या." डॉक्टरांनी चष्मा काढला. मग पेन मागून घेतले आणि ताईच्या नावाखाली स्वतःची सही केली.

पत्र पाठवायचे कसे? टपाल उघडून पाहिले जात होते. दवाखान्याच्या चादरी धुणाऱ्या मावशीची लेक सीमेपलीकडे नांदत होती आणि मावशीचे गुडघे कामातून गेले होते. ती म्हणाली, "मी जाते की. गुडघे दाखवायला म्हणून." एकेचाळीस हातांचे आणि काडीचे दोन फोटो एका मोठ्या पाकिटात गेले, वर तिच्या गुडघ्यांचे दोन. पत्र तिने पोलक्यात ठेवले. नाक्यावरच्या शिपायाने नेमका हाताचा फोटो ओढला, उजेडावर धरला आणि विचारले, "हा गुडघा आहे होय?"

"बाबा, माझ्या वयाचा हो, मग कळेल," मावशी म्हणाली. परत आल्यावर तिने हे इतक्यांदा सांगितले, की त्या शिपायाच्या मिशासुद्धा माझ्या ओळखीच्या झाल्या.

महिनाभराने ते फोटो देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत आले. सरकार म्हणाले, सगळे बनावट आहेत, परदेशात बनवलेले आहेत. पण आता जग बघत होते, म्हणून समितीच्या तीन माणसांना येऊ द्यावे लागले. त्यांत एक पिकल्या केसांची हाडांची डॉक्टरीण होती. टोपीवाला साहेब सोबत होताच.

तिने माझी मोठी कॅसेट मागितली, दुभाष्याकरवी ताईला फिल्म भरायला सांगितले आणि स्वतःचा पंजा कोपऱ्यात ठेवला. फिल्म धुऊन ओलीच उजेडावर धरली. तिच्या सत्तावीस हाडांखाली केसाएवढी तिरपी रेघ होती. तिने पिशवीतून काडीच्या छातीचा फोटो काढून शेजारी धरला. त्याच कोपऱ्यात, तशीच रेघ. साहेब टोपी काढून खिडकीबाहेर बघू लागला. जिची मी आयुष्यभर लाज बाळगली, ती खोटच त्या दिवशी साक्षीला उभी राहिली.

"आता सांगा," दुभाष्याने विचारले, "या तारखेला हा माणूस कुणाच्या ताब्यात होता?"

नऊ दिवसांनी काडीला सोडले. त्याच्यासोबत आणखी तेराजण सुटले. उचलून नेलेल्यांपैकी दोघे कधीच परत आले नाहीत आणि निवडणूकही पुन्हा झाली नाही. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. काडी दवाखान्यात आला तेव्हा ताईने पुन्हा त्याला माझ्यासमोर उभे केले.

"घे श्वास," ती म्हणाली. "रोख."

मी पाहिले. बरगड्या जुळत होत्या, थोड्या वाकड्या.

"सोड आता," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून रडू लागली.

आता नवे मशीन आले आहे. त्याला फिल्म लागत नाही. पण मित्रांनो, घरच्या ट्रंकेत एखादी जुनी फिल्म सापडली तर ती रद्दीत घालू नका. आणि दूरच्या कुठल्या गावातून कुणी तसा काळा फोटो पाठवून 'एवढं बघा' म्हणाले, तर नुसते पाकीट बघून बाजूला ठेवू नका. तो खिडकीशी न्या आणि उजेडावर धरा. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून उभे असेल.