मंडलिकच्या गावाचं गाऱ्हाणं

“नारळ आणलाय, धोंडू. आता माझ्या गावाचं गाऱ्हाणं घाल.”

मंडलिकनं नारळ माझ्या मांडीवर ठेवला, तशी आमच्या गावकऱ्यांच्या खोलीत खसखस पिकली. मंडलिक म्हणजे मेंडल. पोलंडचा यहुदी, मिलमध्ये फिटर. लढाई संपल्यावर बोटीनं आला आणि परळचाच झाला. मंडलिक हे बारसं माझं.

“अरे, तुझो देव येगळो, माझो येगळो. वरती मारामारी लागात!” मी म्हटलं.

तो हसला नाही.

“संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारात तुमच्या गावचा दौलत गेला. एक माणूस. तर तुमचं सगळं गाव इथे उभं राहिलं. माझं गावच गेलं. आज तोच दिवस. उभं कोण राहणार?”

“गाव गेलं म्हणजे?” रमाकांतनं विचारलं.

“यहुदी तेवढे सगळे. जर्मनांनी बाजारात जमवले, जंगलात नेऊन गोळ्या घातल्या. पाववाला शिमोन. पाणी भरणारी बाई. शिंप्यांची आख्खी गल्ली. माझी आई. मी रशियात होतो, म्हणून राहिलो.”

माझ्या गाऱ्हाण्यात टवाळी ठरलेली. एकदा तर मी देवाकडे मिलमध्ये आमच्यावर डाफरणाऱ्या जॉबरला जुलाब मागितले होते. पोरं हसायच्या तयारीत बसलेली. मी उभा राहिलो, टोपी घातली. मंडलिकनंही घातली.

“बा देवा म्हाराजा! त्येचो असशील नायतर आमचो!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्यो तुझो मंडलिक तुका नारळ देता हा. त्येचो पाववालो शिमोन, पाण्याची बाय, शिंप्यांची गल्ली, त्येची आवस, जी जंगलात गेली, त्येंका तुझ्या पायाकडे जागो दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज मंडलिकचा. मला चेव आला. आमच्या गाऱ्हाण्याचा नेहमीचा शेवट मी ठोकून दिला.

“आणि त्येच्या गावच्या घराघरात दिवो पेटांदे रे म्हाराजा!”

या खेपेला मंडलिकचा आवाज आला नाही. बाकीचेही चाचरले.

“ते नको मागू, धोंडू,” तो हळूच म्हणाला. “दिवे पेटतात. लढाईनंतर जाऊन बघितलं मी. माझंच दार वाजवलं. दुसऱ्याच बाईनं उघडलं. चुलीवर आईचं पातेलं होतं. सगळ्या घरांत दिवे आहेत.”

कोपऱ्यात अप्पा बसलेला, मागांच्या खडखडाटानं कान गेलेला. मंडलिकचे ओठ थांबलेले बघून तो सवयीनं ओरडला,

“व्हय म्हाराजा!”