ऑर्फाची स्वस्तातली ओढसुरी

मित्रांनो, मला ओळखायचं असेल तर आधी माझ्या दोन मुठींकडे बघा. डावी मूठ मऊ पांढऱ्या लाकडाची आहे. तिच्यावरचा लाल रंग आता नखाएवढाच उरला आहे. उजवी मूठ हिकरीच्या लाकडाची, काळपट, हातानं केलेली आणि जराशी वाकडी. दोन्हींच्या मध्ये हातभर लांबीचं गंजलेलं पातं. मी ओढसुरी आहे, आणि म्हातारी झाले आहे. रंधा माणूस पुढे ढकलतो, मला तो छातीकडे ओढतो. नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडाला तासून आकार द्यायचा, हेच माझं आयुष्यभराचं काम.

माझा जन्म काही अभिमानानं सांगावा असा नाही. दूरच्या शहरातल्या एका कारखान्यात माझ्यासारख्या शेकडो बहिणी एका दिवसात घडल्या. चाकावर आमच्या कडा नुसत्या टेकवल्या गेल्या. धार लावली नव्हती, धारेचा देखावा केला होता. मुठींना मात्र झकास लाल रंग दिला, म्हणजे गिऱ्हाईकाची नजर पात्यावर जाऊच नये. मग केंटकीच्या डोंगरात, एका ओढ्याच्या मुखाशी असलेल्या हॅस्केलच्या दुकानात मी टांगली गेले. घोड्याचे नाल आणि कंदिलाच्या काचा यांच्यामध्ये मी दीड वर्ष लटकत होते. लोक मला काढत, कडेवर अंगठा फिरवत, हसत आणि परत अडकवून ठेवत. तिथे मी एक गोष्ट शिकले. हत्यार कामाला लागण्याआधीच लोकांनी त्याला नावं ठेवलेली असतात.

मार्च महिन्यात एक बाई आली. पन्नाशीची, अंगात नवऱ्याचा जाडाभरडा कोट, बाह्या दुमडलेल्या. तिचं नाव ऑर्फा. तिनं मला काढलं आणि सरळ गल्ल्यापाशी ठेवलं. हॅस्केल दुकानदार असला तरी मनाचा सरळ माणूस होता.

तो म्हणाला, "ऑर्फा, ही नको नेऊस. एनॉकला कळलं की मी त्याच्या बायकोला असली सुरी विकली, तर तो येऊन माझी मान धरेल."

"त्याला इथवर चालत येता आलं, तर धरू दे की," ऑर्फा म्हणाली.

हॅस्केलनं मला कागदात गुंडाळलं.

एनॉक म्हणजे ऑर्फाचा नवरा. आजूबाजूच्या चार खोऱ्यांत त्याच्या खुर्च्यांवर बसूनच लोक म्हातारे झाले होते. जानेवारीच्या शेवटी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढू लागला आणि वाचा बंद झाली. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल किंवा येणार नाही. तेव्हापासून तो पुढच्या खोलीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होता. मक्याची भाकरी ताकात कालवून भरवली तर गिळायचा. बाकी त्याला कशाशीच काही देणंघेणं उरलं नव्हतं.

आणि जूनमध्ये त्यांच्या मुलीचं, डोव्हीचं लग्न होतं. त्या घराण्याची एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की बापानं स्वतःच्या हातच्या दोन खुर्च्या तिच्याबरोबर द्यायच्या, आणि नव्या घरात मुलीनं पहिल्यांदा बसायचं ते बापाच्या खुर्चीत. एनॉकनं हिवाळ्यातच त्यासाठी मेपलचं झाड पाडलं होतं. ओंडके फोडून, सुकू नयेत म्हणून दगडांखाली ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवले होते. हिकरीच्या आडव्या दांड्या शरदापासून स्वयंपाकघरात चुलीवर टांगून खडखडीत वाळल्या होत्या. तयारी सगळी झाली होती, फक्त हात उरला नव्हता. ऊन तापू लागलं की पाण्यातलं लाकूड काळं पडणार, हे ऑर्फाला ठाऊक होतं.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, एवढ्या मोठ्या कारागिराच्या घरात चांगली ओढसुरी नव्हती का? होती. एनॉकच्या आज्यानं स्वतः घडवलेली, केस कापील अशी. ती कामाच्या छपरीत दाराजवळच्या खुंटीवर होती. ऑर्फानं मला आणलं त्याच दिवशी एनॉकचा धाकटा भाऊ लाइज घरी आला, तर मी ओसरीवर पडलेली. मला बघून तो हसतच सुटला.

"वहिनी, हिनं लोणी तरी कापलं जाईल का? खुंटीवरची घे की. घरात दूधदुभतं असताना शेजाऱ्याकडे ताक मागायचं कशाला?"

ऑर्फा म्हणाली, "ती एनॉकची आहे."

"तो कुठे उठतोय आता?"

"म्हणूनच नाही घ्यायची," ती हळूच म्हणाली. "मी ती खुंटी रिकामी केली, तर त्याच्या तोंडावर सांगितल्यासारखं होईल की तू संपलास. लाइज, मला खुर्च्या हव्यात. पण त्याआधी मला तो हवाय."

लाइजचं हसू थांबलं. तो ओढ्यावर गेला आणि मेपलचे ओंडके वर काढून देऊन घरी गेला.

तासताना लाकूड धरायला एक लाकडी घोडा असतो. त्यावर मांड टाकून बसायचं, पायानं खालची फळी दाबली की वरचा दांडका लाकूड पकडून ठेवतो. नवऱ्यावर नजर राहावी म्हणून ऑर्फानं तो छपरीतून ओसरीवर, त्याच्या खिडकीखाली आणला. मला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं.

मला आजही त्या दिवसाची लाज वाटते. मी सरकलेच नाही. ती जोर लावी, मी अडे. मग एकदम लाकडात घुसे आणि लांबलचक फाळका उपटून काढी. ढलपे निघायच्या जागी चिंध्या निघत. दुसऱ्या दिवशी तिचे तळहात सोलवटले. तिसऱ्या दिवशी खुर्चीच्या एका पायाला मी इतकी खोल जखम केली की ती मला मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

चूक माझी होती, आणि थोडी तिचीही. पण तिची चूक प्रेमळ माणसाची होती. तीस वर्षं तिनं एनॉकला काम करताना पाहिलं होतं. पात्याची सपाट बाजू लाकडाकडे आणि उतरती बाजू वर, असंच तो आज्याची सुरी धरायचा. तिनं मलाही हुबेहूब तसंच धरलं. आज्याच्या सुरीला ते शोभत होतं. माझ्यासारख्या बोथट सुरीला तसं धरलं की ती खालीच बुडी मारते.

असे आठ दिवस गेले. खर्र, थड. खर्र, थड. सकाळी भांडी झाली की सुरू, कोंबड्या कोंडायच्या वेळेला बंद. ऑर्फा अधूनमधून खिडकीतून एनॉकशी बोलायची. डोव्हीचा होणारा नवरा भला आहे, रान हिरवं होऊ लागलंय, असलं काहीबाही. आतून उत्तर येत नसे. नवव्या दिवशी मी पुन्हा फाळका उपटला आणि खिडकीतून आवाज आला. घोगरा, जड, जीभ दाताखाली अडकल्यासारखा.

"पालथी."

ऑर्फाचे हात जागच्या जागी थांबले.

"सुरी... पालथी धर. आणि धार नाही तिला. धार."

दोन महिन्यांत त्या माणसानं बायकोचं नाव घेतलं नव्हतं की देवाचं. ऑर्फा उठून आत धावली असेल असं तुम्हाला वाटेल. ती धावली नाही. तिनं मला उलटवलं, उतरती बाजू लाकडाकडे केली आणि एकदाच, अगदी सावकाश ओढलं. तो कान लावून असणार हे तिला ठाऊक होतं. माझ्या आयुष्यातला पहिला खरा ढलपा निघाला. पूर्ण सलग नव्हता, पण ढलपा होता. मग ती तो हातात घेऊन आत गेली.

"दोन महिने मी तुझ्याशी बोलतेय," ती म्हणाली. "आणि तुझं तोंड उघडलं ते या भिकार सुरीसाठी?"

"कान किटले," एनॉक म्हणाला.

ऑर्फा खाटेच्या कडेला बसली आणि पदराएवढा मोठा एप्रन तोंडावर घेऊन खूप वेळ रडली. मी बाहेर घोड्यावर पडून ते ऐकत होते. मित्रांनो, तेव्हा मला एक गोष्ट कळली. आज्याची सुरी असती तर ती रेशमासारखी सरकली असती, आवाजच झाला नसता, आणि तो माणूस भिंतीकडे तोंड करूनच राहिला असता. माझ्या अवगुणानं त्याला उठवलं. याचा अभिमान धरावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाइजनं भावाला उचलून ओसरीत बसवलं. ऑर्फानं माझ्या दोन्ही मुठी घट्ट धरल्या आणि एनॉकनं डाव्या हातानं ओढ्यातला गुळगुळीत दगड माझ्या कडेवर फिरवायला सुरुवात केली. दोन दिवस तो दगड फिरवत होता. दमला की थांबायचा, नखावर माझी धार तपासायचा, पुन्हा सुरू करायचा. कारखान्यानं जे दिलं नव्हतं ते मला त्या ओसरीत मिळालं. पोलाद माझं वाईट नव्हतंच. कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

धार आली, काम जोरात सुरू झालं आणि माझी उजवी मूठ तडकून हातात आली. रंगाखाली लाकूड भुसभुशीत होतं. ऑर्फानं कपाळावर हात मारला. एनॉक म्हणाला, चुलीवरची एक दांडी आण. तिनं सांगून पाहिलं की मग खुर्चीला दांडी कमी पडेल. तो म्हणाला, आण.

मग तो घोड्यावर बसला. डाव्या पायानं फळी दाबली, दांडीचा तुकडा पकडीत धरला आणि डाव्या हातात खिशातला चाकू घेऊन मूठ कोरू लागला. आयुष्यभर उजव्या हातानं काम केलेल्या माणसाला डाव्या हाताला काम शिकवायचं होतं. चार दिवस लागले. मूठ वाकडी झाली. त्यानं ती फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाला, "बघू." ऑर्फानं माझं टोक चुलीत तापवून त्या मुठीत बसवलं. तीच ही मूठ. कमी पडलेली दांडी लाइजनं स्वतःच्या घरच्या एका मोडक्या खुर्चीतून काढून आणली आणि गुपचूप चुलीवर टांगून गेला.

एप्रिल आणि मे, दोन महिने आम्ही काम केलं. ऑर्फा ओढायची, एनॉक शेजारी बसून ऐकायचा. डोळ्यांपेक्षा त्याचा कानावर जास्त विश्वास. आवाज बदलला की फक्त "हं" म्हणायचा आणि ती थांबायची. त्या खुर्च्यांना खिळा नव्हता, सरस नव्हता. ओल्या पायांत भोकं पाडून कोरड्या दांड्या ठोकून बसवतात. ओला पाय वर्षभर सुकत जातो, आकसत जातो आणि दांडीला असा धरून ठेवतो की मग ती सुटत नाही. बैठका ऑर्फानं हिकरीच्या सालीच्या पट्ट्यांनी विणल्या. ते तर तिचंच काम होतं, पहिल्यापासून.

खुर्चीचा तो जखमी पाय मात्र तसाच राहिला. दुसरं लाकूड नव्हतं असं नाही, पण एनॉक म्हणाला, "राहू दे. डोव्हीला कळू दे, आई कशी शिकली ते." लग्नाच्या दिवशी सफरचंदाच्या थराथरांचा केक कापला गेला, आणि एनॉक काठी टेकत, ऑर्फाच्या खांद्यावर हात ठेवून फाटकापर्यंत चालत गेला. दोन्ही खुर्च्या त्यानं स्वतःसमोर गाडीत चढवून घेतल्या. नव्या घरी डोव्ही पहिल्यांदा बसली ती त्या जखमी पायाच्या खुर्चीत.

एनॉक पुढे दोन हिवाळे जगला. तो गेला त्या दिवशी ऑर्फानं आज्याची सुरी खुंटीवरून काढली, तेल लावून कापडात गुंडाळली आणि लाइजच्या हातात दिली. लाइज म्हणाला, वहिनी, आता तरी ही तू वापर. ती म्हणाली, "मला माझी आहे." त्यानंतर अठरा वर्षं तिनं माझ्याशी काम केलं. शहरातून लोक खुर्च्या घ्यायला येत आणि विचारत, कोणती सुरी वापरता? ती मला दाखवायची. त्यांना वाटायचं, बाई थट्टा करतेय.

ऑर्फा गेल्यावर मी डोव्हीकडे आले. तिला खुर्च्या करायची हौस नव्हती, आणि त्यात तिचा काही दोष नाही. मी तिच्या छपरीत टांगली गेले. पहिली काही वर्षं ती मला तेल लावायची. मग तिचे गुडघे गेले, मग कानही गेले. माझ्यावर गंज चढला. कोळ्यांनी दोन मुठींना एका जाळ्यानं बांधलं. किती पावसाळे गेले ते मी मोजले नाहीत.

काल डोव्हीची नात आली. लोरीन तिचं नाव, हात अगदी ऑर्फासारखे रुंद. वादळात पडलेल्या मेपलची ओली फांदी तिला मिळाली होती, त्या फांदीचा चमचा कोरायचा होता. तिनं मला भिंतीवरून काढलं, झटकलं आणि फोनमध्ये पाहिलं होतं तसं धरलं. सपाट बाजू लाकडाकडे. तिनं ओढलं.

खर्र, थड.

चार वेळा ओढून तिनं मला खाली ठेवलं. "स्वस्तातली दिसतेय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मोडक्या बिजागऱ्या व गंजके खिळे असलेल्या बादलीत तिनं मला टाकलं. शनिवारी ती बादली भंगारात जाणार आहे. डोव्ही तिथेच ओसरीत त्याच खुर्चीत बसली होती, तिचा हात खुर्चीच्या पायावरच्या त्या जखमेजवळच होता. पण तिला आता काही ऐकू येत नाही.

मित्रांनो, आत खाटेवर पडून ऐकणारा आता कुणी नाही, म्हणून मी तुम्हाला सांगते. तुमच्या घरी एखादं हत्यार धूळ खात पडलं असेल तर त्याची किंमत बघून त्याला टाकू नका. कुणीतरी त्याच्यावर आपला हात खर्ची घातलेला असेल. आधी गंज पुसा. मग धार लावा, घाई करू नका. मग हातात घ्या, एकदा असं धरून बघा, एकदा पालथं धरून बघा. त्यानंतरही ते चाललं नाही, तर खुशाल टाका.

आणि त्या लोरीनला कुणी ओळखत असाल, तर तिला शनिवारच्या आत एवढंच सांगा: पालथी धर.