कार्डावरचे निरोप

मुलाने ते कार्ड दिलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली मी. माझ्याकडून तिकीट घेतल्याशिवाय कोणाची बूड टेकायची हिंमत नव्हती. आणि आता बसच्या दाराशी एक खांब, त्याला कार्ड लावायचं, तो 'टिंग' करणार, की झालं. पण मुलगा म्हणाला, "आई, याच्यावर बस चालते, ट्रेन चालते, बेकरी, औषधाचं दुकान, सगळं चालतं. पैसे मी तिकडून भरत जाईन. आणि तू कार्ड लावलंस की मला फोनवर मेसेज येईल. कुठे, किती वाजता, सगळं."

तिकडून म्हणजे विमानाने चार तास लांबून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो फोन करतो. कामं असतात त्याला, माझी तक्रार नाही. खरं तर आहे, पण ती मी कोणाला ऐकवत नाही.

पहिल्याच महिन्यात मधेच एकदा त्याचा फोन आला. "आई, आज दोनदा दवाखान्याच्या स्टॉपवर उतरलीस? बरी आहेस ना?" मी छत्री विसरून आले होते, दुसरं काही नव्हतं. पण त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. पोरगा बघत होता!

मग मी कार्डानेच बोलायला लागले. सकाळी सातला बेकरीत पाव घेतला की त्याला कळायचं, आई उठली. अकराला बसने दोन स्टॉप जाऊन परत यायचे, म्हणजे गुडघा ठीक आहे. संध्याकाळी औषधाच्या दुकानात खोकल्याच्या गोळ्या. खोकला नव्हता, पण दिवस पार पडला हे कोणाला तरी सांगायला नको? दीड महिन्यातच कपाटात त्या गोळ्यांच्या बेचाळीस पट्ट्या साठल्या.

त्याच्या वाढदिवसाला तर मी कमालच केली. तो लहान होता तेव्हा शाळेला सुट्टी असली की त्याला घरी बघायला कोणी नसायचं. मी त्याला ड्यूटीवर न्यायचे. तो माझ्या शेजारी बसून स्टॉपची नावं ओरडायचा. तोच मार्ग मी धरला. प्रत्येक स्टॉपवर उतरायचं, मागची बस पकडायची, पुन्हा कार्ड लावायचं. सव्वीस स्टॉप. त्याच्या फोनवर तीच नावं त्याच क्रमाने येतील आणि तो ओळखेल, असं मला वाटत होतं. संध्याकाळी फोन आला. "काय गं आई, आज फोन नुसता टिंगटिंग करत होता! मीटिंगमध्ये होतो मी," म्हणून तो हसला. मीही हसले. ओळखलं त्याने, असंच मी धरून चालले.

याला सात महिने झाले. या महिन्यात मी तापाने पडले. पाच दिवस अंथरूण सोडलं नाही, शेजारीण दूध-पाव आणून द्यायची. कार्ड पर्समध्ये पडून होतं आणि फोन उशाशी, आवाज मोठा करून. तो वाजला नाही. सहाव्या दिवशी ताप उतरला आणि डोकं तापलं. ठरवलं, आता कार्डाला हात लावायचा नाही. बघू, याला आईची आठवण किती दिवसांनी होते. मी आधी फोन करणार नाही म्हणजे नाही. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, म्हणून सगळीकडे पायी गेले. गुडघ्याने नाकी नऊ आणले. अकराव्या दिवशी मनात आलं, यंत्रच बिघडलं असणार, मी कार्ड न लावताच त्याला मेसेज जात असणार! एवढा हलकेपणा कित्येक दिवसांत वाटला नव्हता. तशीच उठून स्टेशनातल्या कार्डांच्या खिडकीवर गेले.

खिडकीवरच्या मुलीने कार्ड तपासलं. "कार्ड उत्तम आहे, काकू. पैसेही भरपूर आहेत. कमी झाले की आपोआप भरले जातात."

"आपोआप कसे? मुलगा भरतो माझा."

"त्यांनी एकदा तसं लावून दिलंय. आता त्यांना काही करावं लागत नाही."

"आणि मेसेज?"

"ते बंद आहेत. त्यांनीच बंद केलेत." तिने तारीख वाचली. वाढदिवसाची. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. तेव्हा मी नवव्या स्टॉपवर असेन. म्हणजे पुढचे सतरा स्टॉप आणि त्यानंतरचे सात महिने मी त्या खांबाशीच बोलत होते. रांगेतल्या लोकांसमोर मला रडू फुटलं.

मुलगी भली होती. "परत सुरू करायचेत का? मी विनंती पाठवते. त्यांनी फोनवर 'हो' दाबलं की झालं."

"पाठव."

मी बाकावर जाऊन बसले. दोन मिनिटंही झाली नसतील, पर्समधला फोन वाजला. मुलगा! सोमवारी, ऐन कामाच्या वेळी!

"आई, कुठेयस तू? नीट ऐक. कोणीतरी तुझ्या कार्डाशी खेळ करतंय. आत्ता मला मेसेज सुरू करायची विनंती आली. मी लगेच 'नाही' दाबलं. चोर असतात हे, म्हाताऱ्या माणसांना बरोबर गाठतात. तू कोणाला काही नंबर सांगितलास का?"

"नाही रे."

"कार्ड आहे ना तुझ्याजवळ?"

"हातातच आहे."

"आवाज का असा येतोय तुझा?"

"ताप होता जरासा. गेला."

"ताप? आणि मला सांगितलं नाहीस?" तो खरंच घाबरला. किती दिवस होता, डॉक्टरकडे गेलीस का, जेवतेस ना, गुडघा कसा आहे. चांगला नऊ मिनिटं बोलला. चोर मीच रे बाबा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर तो ओशाळला असता, मेसेज सुरू केले असते आणि महिन्याभरात पुन्हा बंद केले असते. मी ओळखते ना त्याला.

"बरं केलंस 'नाही' दाबलंस ते," मी म्हटलं.

"पुन्हा अशी विनंती आली ना, तर मी ताबडतोब तुला फोन करेन. तू काळजी करू नकोस."

फोन बंद झाला. खिडकीवरची मुलगी हाताने बोलावत होती.

"काकू, त्यांनी नाकारली हो. चुकून दाबलं गेलं असेल. परत पाठवू?"

"आज नको," मी म्हटलं. "तू पुढच्या सोमवारी इथे असतेस ना?"